अडकला असाल तर एक दाबा

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक जोडपं बसलं होतं. बायकोचा फोन वाजला आणि ती ताडकन उठली.

“अहो, आई लिफ्टमध्ये अडकल्यात! घामाघूम झाल्यात.”

“आपल्याच बिल्डिंगच्या? ती लिफ्ट तर आमची कंपनी सांभाळते. थांब, ऑफिसला लावतो.”

“लागला का?”

“मशीन बोलतंय.”

“कसलं मशीन?”

“तक्रारी घ्यायला. मीच बसवून घेतलं, कामं पटापट व्हावीत म्हणून.”

“आणि आधी फोन घ्यायच्या त्या मावशी?”

“त्यांना गोदामात पाठवलं.”

“मग मेकॅनिकला लावा ना थेट!”

“कामावर असताना मोबाइल बंद ठेवायचा नियम आहे.”

“हाही तुमचाच?”

“तू आधी आईशी बोलत राहा गं!”

“आई, घाबरू नका, हे बघतायत. काय? तुम्हीही कंपनीला फोन केला होता?”

“काय म्हणतेय ती?”

“मशीन म्हणालं, लिफ्टमध्ये अडकला असाल तर एक दाबा.”

“मग दाबला नाही का तिनं?”

“मघापासून तोच दाबतायत. लिफ्टमधला. पहिल्या मजल्याचा.”

“अरे देवा! गोदामात लावतो. हॅलो, मावशी? कुणालातरी आमच्या बिल्डिंगवर पिटाळा. हो, लिफ्टच. आत माझी आई आहे हो!”

“पाठवतायत का?”

“निघाला माणूस. आण तो फोन इकडे. आई, बटणावरचा हात काढ आणि खाली बस. मी येतोय. अगं नाही, मशीन नाही. मीच बोलतोय.”