क्लॅरिनेटवाल्याचा दात

दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बँडमधला क्लॅरिनेटवाला आणि त्याची बायको बसले होते. बायको म्हणाली,

“डॉक्टरांना खरं सांगा. सहा महिने पुढच्या दातांना ब्रश लावलेला नाही.”

“लावला की रक्त यायचं. म्हटलं, हिरडीला जरा आराम द्यावा.”

“पायाला खरचटलं तर माती तशीच ठेवता का?”

“पायाचं वेगळं.”

“काय वेगळं? दाताच्या कडेला घाण साचते, शरीर तिच्याशी झगडतं, म्हणून हिरडी सुजते आणि रक्त येतं. मागच्या खेपेला तुमच्यासमोरच सांगितलं त्यांनी.”

“पण दुखत कुठे होतं?”

“न दुखताच आतलं हाड झिजतं, हेही सांगितलं होतं. दात हलतोय ना?”

“क्लॅरिनेटवर टेकला की जरासा.”

“मग काल वाजवलंत कसं?”

“नुसती बोटं हलवत चाललो. एवढ्या ढोलताशांत कुणाला कळतंय?”

“मला कळलं.”

“तू तर घरी होतीस.”

“बँड खिडकीखालून गेला. तुमचा सूर काही ऐकू आला नाही. म्हणून तर सकाळीच नंबर लावला.”