अखंड वीजपुरवठा

—नाही नाही, बसा ना साहेब, एसी मी कमी करते. गारठलात ना? आमच्याकडे पाहुणचार असाच, जेवढं हवं त्याच्या दुप्पट! हां, तर कुठे होतो आपण — मनुष्यबळ. तरुण, शिकलेलं, कामसू. बंदर, रस्ते, करसवलत सगळं या पुस्तिकेत आहे, हॉटेलवर सावकाश वाचा. निघायचं मग? — छे, घाई कसली! फोन ना? माझ्या वहिनीचा असेल घरून, वाजू दे.

वीज? विचारलंत शेवटी, सगळेच विचारतात. अखंड, साहेब! या नकाशावरचे चिमुकले दिवे बघा — एक दिवा म्हणजे एक कारखाना — म्हणजे होईल तेव्हा कारखाना, आज नुसता दिवा. पण तुम्ही उद्या येणार होतात ना? तक्रार नाही हो, लवकर आलात, उत्तमच. फक्त काय असतं, पाहुणे यायच्या आदल्या दिवशी मी बाबांना नदीपलीकडे बहिणीकडे पोचवते. का म्हणजे — हवापालट! म्हातारं माणूस, तेवढंच बरं वाटतं — हो, दर पाहुण्याला. नाही हो, त्यांना पाहुण्यांचं वावडं नाही. त्यांना श्वासाचं यंत्र लावलंय, ते विजेवर चालतं, आणि आम्ही राहतो ते इथेच मागे — पडदा नका ओढू साहेब — ओढलात.

दिसतंय ना? दिवेलागण होऊन गेली आणि एक खिडकी उजळलेली नाही. आता झाकली मूठ उघडलीच आहे, तर ऐका. वीज आहे तेवढीच आहे. पांघरूण डोक्यावर ओढलं की पाय उघडे. पाहुणा आला की मागच्या वस्तीची वीज इकडे वळवायची, पाहुणा गेला की परत — कुठे लिहिलेलं नाही, पण पद्धत आहे. आणि ती चूक आहे असंही मला वाटत नव्हतं, खरंच! तुम्हाला पटलं की कारखाना येणार, कारखान्यापाठोपाठ वीजकेंद्र येणार, मग कुणाचेच दिवे जाणार नाहीत — म्हणजे वीज मिळावी म्हणून वीज दाखवायची. हसू नका, आमच्या संचालकांना हे फार पटतं. आज बाबा घरीच राहिलेत. यंत्राला बॅटरी आहे हो, पुरते थोडा वेळ. पण तुम्ही दोनदा कॉफी घेतलीत साहेब, आणि दोन्ही वेळा अगदी सावकाश. माझा जीव नुसता टांगणीला —

थांबा. हॅलो, वहिनी? — बंद पडलं? कधी? — ती हाताने श्वास द्यायची पिशवी दाबत राहा, थांबू नकोस, फोन चालू ठेव, मी बघते — अहो वायरमनकाका! खाली ऐकू येतंय का? मागे वळवा वीज! — बसलेत पाहुणे, बसू देत! संचालकांना मी सांगते, नोकरी जाईल तर माझी जाईल, तुम्ही आधी वळवा!

घाबरू नका साहेब, फक्त दिवे गेलेत. जिना डावीकडे आहे, कठड्याला धरून उतरा. नाही, मी येत नाही खाली. तुमचं काय ठरलं ते मला आत्ता सांगू नका, जा तुम्ही — वहिनी, आली ना वीज? यंत्र लागलं? — हो, ऐकू येतोय, यंत्राचा आवाज येतोय मला. बाबांचं सांग. वहिनी, बाबांचं सांग ना —