इंग्लंडच्या राजाचं डोकं

हसू नका, त्या दिवशी मी खरंच घाबरले होते. माझ्या धाकट्या बहिणीची, यमूची, शाळा काकांनी बंद केली, म्हणून कल्याणला घरीच मी तिला शिकवत होते. इतिहासासाठी मी माझं कॉलेजातलं इंग्लंडच्या इतिहासाचं जाडजूड पुस्तक निवडलं.

काका ओरडले, "यात प्रजाच राजाचं डोकं उडवते! इंग्रज सरकारातली माझी नोकरी घालवशील!"

"कोणत्या राजाचं डोकं?" दारात शेजारचे फौजदार!

काका पांढरेफटक पडले. फौजदारांनी त्यांच्या हातातलं पुस्तक घेतलं. "हे कुठून आलं?"

मी म्हणाले, "कॉलेजात लावलंय. सरकारनंच."

"सरकारी आहे होय!" त्यांनी ते अदबीनं खाली ठेवलं.

यमूनं विचारलं, "मग सरकारला भीती नाही वाटत, आम्ही वाचल्यावर?"

फौजदारांनीच बाहेर डोकावून दार लावून घेतलं.