वास्तुशांतीचा लोड

घोडेगावात कुणी सांगितलं की दत्तूशेठच्या बंगल्याचं वायरिंग मी बिघडवलं, तर ऐकू नका राव. शेठ म्हणले व्हते, "मेन एमसीबी मोठा टाक." मीच म्हणलं, "कशाला? चार एसी, तीन गिझर सगळं एकदम कोण लावतंय? निम्माच लोड धरायचा. नियमातच हाय, डायव्हर्सिटी म्हणत्यात त्याला."

वास्तुशांतीला मी पहिल्या पंगतीला बसलो. शेठ पावण्यांना घर दाखवत व्हते. खोलीत शिरायचं, एसी लावायचा, पावण्याचा हात धरून गार वारं दाखवायचं आणि तसाच चालू ठेवून पुढच्या खोलीत. मग गिझर, मग ओव्हन. शेवटी बोअरची मोटार दाखवायला बटण दाबलं आणि मेन ट्रिप झाला. आहेर पुकारणारा माईक सरपंचाच्या नावातच बंद पडला.

आख्खी पंगत माझ्याकडं बघाय लागली. मी जिलेबी खाली ठेवली. "शेठ, एवढं सगळं एका टायमाला कोण वापरतं व्हय?"

शेठची आई शांतपणे म्हणली, "वापरायला कोण लावतंय? गाव बघाय आलंय म्हणून लावलं. उद्यापासनं समदं बंदच ऱ्हानार हाय."