तलावाखालची बांधी

बाबांच्या मृत्युपत्राची गोष्ट तुम्हाला सांगायचीच राहिली. स्वातंत्र्यानंतर सातआठ वर्षांनी असेल. नवेगावला आमच्या ओसरीत अर्जनवीस लिहीत होता. आम्हा तिघा भावांत शेत वाटून झालं. चहा घेऊन आलेल्या आईनं विचारलं, "माह्या नावानं काय लिवलं?"

बाबा म्हणाले, "तुले कायले पायजे? पोरं पोसतील ना."

"मंग सारं आजच पोराईच्या नावानं करून टाका. तुमाले बी पोसतील."

बाबांनी चहाचा कप खाली ठेवला. मग अर्जनवीसाला म्हणाले, "तलावाखालची धानाची बांधी हिच्या नावानं लिवा."

त्यांच्यामागे आईनं ती बांधी वीस वर्षं कसली. आम्ही भाऊ वेगळे झालो, तरी दर दिवाळीला तिच्याकडेच जेवायचो. वाढताना ती म्हणायची, "पोटभर खा, माह्या बांधीचा भात आहे."