कडजाईच्या नाक्यावर सोडलेली गाडी

मंडळी, ऐका. एक चूक करणारा, आणि एक डोळ्यांदेखत "जाऊ दे" म्हणणारा. पाप कुणाच्या पदरात पडतं? लगेच माना हलवू नका, आधी ऐका.

कडजाईचा डोंगर. पायथ्याला नाक्यावर हवालदार शकुंतला ढायगुडे. वर कड्याला आग्या मोहोळं — तीन, परातीएवढी! त्याच्या खाली पायऱ्यांवर नवसाच्या बायकांची रांग. "आवाज करू नये" अशी पाटी होती. पण पाटी वाचतो कोण? आपण पाटीवर पोस्टर चिकटवणारी माणसं!

एवढ्यात हर्षल नावाचा एक पोरगा मोटारसायकलवर आला. कंपनीचा सायलेन्सर काढून दुसराच बसवलेला. आवाज म्हणजे बंदुकीचा बार. बाईंनी गाडी अडवली.

"हा सायलेन्सर कायद्यात बसत नाही. गाडी इथंच राहील."

हर्षलनं नुसता फोन पुढं केला. पलीकडं त्याचे काका, देवस्थानचे विश्वस्त. "बाई, आपलंच पोरगं आहे. आजच्या दिवस सोडा."

बाईंनी कड्याकडं पाहिलं. मोहोळं दिसली. पण डोळ्यांपुढं बदलीही आली. किल्ली दिली. "ढकलत ने," म्हणाल्या.

ढकलली हो त्यानं — वळणापर्यंत! मग फाट्... फाट्!

क्षणभर काहीच नाही. मग कडाच जागचा हलल्यासारखा झाला. काळं आभाळ घोंगावत खाली आलं. बायका पदर घेऊन पळू लागल्या, एकमेकींवर पडू लागल्या. बाईंचे पाय म्हणत होते, मागं फीर. त्या वर धावल्या. पायरीवर एक गरोदर बाई पडली होती. तिच्यावर आपला रेनकोट टाकला, वरून स्वतः पालथ्या पडल्या. मानेवर डंख, कानात डंख, पापण्यांवर डंख. आणि आत एकच — किल्ली मीच दिली.

गरोदर बाई वाचली. हर्षलही वाचला. पण सोनाबाई कुंभार नावाची म्हातारी पायरीवरच गेली.

दवाखान्यात बाईंनी जबाब दिला. "गाडी मी अडवली होती. फोन आला, म्हणून मीच सोडली."

जबाब लिहून घेणारा पोलीस म्हणाला, "बाई, नोकरी जाईल. शेवटचं वाक्य गाळू का?"

डोळे सुजून मिटलेले. म्हणाल्या, "तेच आधी लिही."

आता सांगा, त्या फोनवरच्या काकांचं काय? ते तर देवळातच बसले होते, देवाच्या पुढ्यात. उद्या नाक्यावर तुमचं पोरगं अडवलं, तर तुमचा हात कुठं जाईल? खिशातल्या फोनकडंच ना? मलाही एक पुतण्या आहे, मंडळी. त्याच्याकडं तसलीच गाडी आहे. म्हणून आज हे सांगताना माझीच जीभ अडखळतेय.