मोबाइल नंबरचा रकाना

नाही नाही, ते खातं नको — म्हणजे तुम्हाला हवंच असेल तर घ्या, मी कोण अडवणार, पण त्या पत्रकावर पाठीला सॅक लावून हसणारी मुलं छापलीयत ना, त्यातली सॅक तेवढी खरी. ती मिळते, आणि महिन्याभरात तिची चेन जाते. कार्ड पहिल्या वर्षी फुकट, दुसऱ्या वर्षापासून त्याला पैसे पडतात — ते खाली बारीक अक्षरात आहे, तुम्ही कशाला वाचाल, कुणीच वाचत नाही. तुम्हाला लागणारं खातं हे. साधं, विद्यार्थ्यांचं. किमान शिल्लक ठेवायची भानगड नाही, शिक्षण संपेपर्यंत कार्ड फुकट, हॉस्टेलची फी परस्पर भरता येते. ह्याचं पत्रक नाही, कारण ह्यात बँकेला काही सुटत नाही. बत्तीस वर्षं झाली मला नोकरीत, त्यातली अकरा ह्याच टेबलावर, तेव्हा एवढं माझं ऐका. कॉलेजं सुरू व्हायच्या आधीचे हे तीन आठवडे मला पाणी प्यायला फुरसत नसते. तुमची मुलगी कुठंय? ती का, दाराजवळच्या बाकावर, कानात ते गाण्याचे बोळे घालून बसलेली? असू दे, बसू दे. तिची सही मात्र लागेल — अच्छा, घरूनच करून आणलीय. बघू. तीन ठिकाणी सही, वर फोटो, बाकी सगळा फॉर्म कोरा. खरं म्हणजे माझ्यासमोर करायची असते, पण राहू दे, मी भरते पुढचं. तुम्ही नुसतं सांगत जा.

नाव हे, जन्मतारीख ही, म्हणजे अठरा पूर्ण झालीयत, छान. पत्ता घरचाच घालते. आता मोबाइल नंबर — हा कुणाचा सांगताय, तिचा? तुमचा. कळलं. अहो, आवाज कशाला खाली करताय, इथं बसणाऱ्या दहांतले आठ आईबाप हेच करतात. नियमानं नंबर तिचाच हवा, पण रकान्यात दहा आकडे असले की मशीनला पुरतं, कुणाचे ते मशीन विचारत नाही. मीही विचारत नाही. उलट, एखाद्याला सुचलं नाही तर मीच सुचवते. एकदा तुमचा नंबर घातला की पोरीनं कार्ड कुठंही वापरू दे, दोन सेकंदांत तुमच्या खिशातला फोन वाजणार. दुकानाचं नाव, वेळ, रक्कम, सगळं. ती चारशे मैलांवर असली तरी तुमच्या डोळ्यांसमोरच समजा. तिला सांगायचं, विद्यार्थ्यांच्या खात्याला मेसेज येत नाहीत. आणि ऑनलाइनची सोय बंद ठेवायची, नाहीतर त्याचा ओटीपी तुमच्या फोनवर येतो, तो ती मागायला लागली की पितळ उघडं पडतं. हे मी कुणाला सांगत नाही हं, तुम्ही सरळ माणूस दिसलात म्हणून. मी स्वतः केलंय ना. माझा एकुलता एक मुलगा विद्यापीठात गेला तेव्हा त्याचं खातं मीच उघडलं, ह्याच टेबलावर, त्यानंही अशाच कोऱ्या फॉर्मवर सह्या ठोकल्या होत्या. आई बँकेत, त्यानं कशाला वाचायचं?

काळजी म्हणता ना — अहो, काळजीचंच तर बोलतेय मी. मुलगी असो की मुलगा, जिवाला घोर तोच. पण माझा घोर त्या मेसेजांनी पार मिटवला. सकाळी आठ चाळीसला कँटीन, म्हणजे उठला वेळेवर, पहिला तास बुडवला नाही. साडेदहाला झेरॉक्स, म्हणजे अभ्यास चालू आहे. दुपारी दोनपर्यंत काही आलं नाही की मी लगेच फोन करायची — का रे, जेवला नाहीस का आज? तो म्हणायचा, आई, तुला कसं कळलं? मी म्हणायची, आईला कळतं. एकदा त्याचे बूट फाटले, नवे घेतल्याचा मेसेज आला, तर मी संध्याकाळी सहज विचारलं, काय रे, पायाबियाला लागलं नाही ना? तो हसायलाच लागला. मग म्हणाला, तू ग्रेट आहेस. आपल्या मित्रांना सांगायचा म्हणे, माझ्या आईला लांबून कळतं सगळं. वर्षभर, अहो, वर्षभर त्या पोराला खरंच वाटत होतं की आईला कळतं. घरात आमचे हे म्हणायचे, अगं श्वास घेऊ दे त्याला. पण ह्यांचं कधी ऐकलंय मी? टेबलाखाली मांडीवर फोन, समोर गिऱ्हाईक. एकदा एका म्हाताऱ्या बाईंच्या पासबुकात भलत्याचीच पानं छापली मी, साहेबांची बोलणी खाल्ली, तरी फोन सुटला नाही. सवय लागते त्याची. मेसेज आला नाही तर करमेनासं होतं.

नंबर घालते, घालते, गडबड काय आहे तुम्हाला? ऐका तर. दुसऱ्या वर्षी गुरुवारी संध्याकाळी पाचला एक नाव यायला लागलं. डॉक्टरचं. एका गुरुवारी आलं, मी म्हटलं सर्दीताप असेल. पुढच्या गुरुवारी परत तेच, तेवढेच पैसे, तीच वेळ. नाव शोधून काढलं मी, काय अवघड असतं — मनाचे डॉक्टर. फोनवर त्याला विचारलं, तब्येत कशी आहे? मस्त, म्हणाला. जेवण, झोप, सगळं मस्त. तिसरा गुरुवार गप्प बसले. तीन गुरुवार कळ काढली हो मी, माझ्या मानानं ते पुष्कळ झालं. चौथ्या गुरुवारी रजा टाकली आणि सकाळच्या गाडीनं निघाले. ह्यांनासुद्धा सांगितलं नाही. त्या दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत जाऊन बसले, समोर माशांची काचेची पेटी, पाच-सहा माणसं खाली मान घालून बसलेली, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. पाच वाजून पन्नास मिनिटांनी आतलं दार उघडलं आणि हा बाहेर आला. आणि खरं सांगू? त्याचा चेहरा बरा दिसत होता. मोकळा. लहानपणी आंघोळ घालून बाहेर काढला की दिसायचा तसा. मला ते दिसलं, नाही असं नाही. दिसलं आणि तरी मी उभी राहिले, आणि त्या सगळ्या माणसांसमोर त्याला म्हटलं, काय कमी केलं रे आम्ही तुला, की इथं यायची वेळ आली?

काय करणार होता? काही नाही. त्यानं आधी माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या फोनकडे. तिथंच कळलं त्याला. बँकवालीचा मुलगा आहे, आकडेमोडीत हुशार. म्हणाला, खात्यावर नंबर तुझा आहे ना? मी म्हटलं, हो, आहे, आईचा नंबर असायला काय झालं? मला वाटलं आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते, दोघं रडलो असतो आणि एकत्र बाहेर कुठेतरी जेवलो असतो. पण नाही. तो अगदी हळू म्हणाला — म्हणाला, त्या खोलीत तरी तू नव्हतीस, आई.

बस, एवढंच. मग मला स्टेशनवर आणून सोडलं, तिकीट काढून दिलं, पाण्याची बाटली घेऊन दिली. बाटलीचा मेसेज आला माझ्या फोनवर, तो समोर उभा असताना. फोन वाजला आणि आम्ही दोघांनी तो ऐकला.

नाही, तसं भांडण वगैरे काही नाही आमचं. फोन करतो तो. पुढच्या महिन्यापासून त्यानं एकच केलं — एक तारखेला मशीनमधून सगळे पैसे एकदम काढायचे. महिन्याला एकच मेसेज. एवढे काढले. बस. नोटांचं पुढे काय झालं ते आम्हालासुद्धा कळत नाही हो, बँकेलासुद्धा. आठ-नऊ महिन्यांनी तोही मेसेज बंद झाला. कळलं की संध्याकाळचा कुठल्याशा छपाईच्या दुकानात काम करतो आणि दुसऱ्या बँकेत खातं काढलंय. कुठल्या ते विचारायची सोय उरली नव्हती. आता नोकरीला लागलाय, चांगला आहे म्हणतो. चांगलाच असेल. मी विचारते जेवलास का, तो म्हणतो जेवलो. पण तो गुरुवारी जातो का अजून? की माझ्यामुळे सोडलं त्यानं तिथं जाणं? आणि सोडलं असेल तर आता कुणाशी बोलतो? हे मला माहीत नाही. बुटांचा नंबर पाठ असलेली बाई मी, आणि माझं पोर बरं आहे की नाही हे मला माहीत नाही. मी अजून दर महिन्याला त्या जुन्या खात्यात पैसे भरते. तो हात लावत नाही. माझ्या फोनवर मेसेज येतो, आपल्या खात्यात रक्कम जमा झाली. मीच भरायचे आणि मलाच कळवायचं, असं चाललंय. कुणाला सांगितलं नव्हतं हे. तुम्हाला का सांगितलं कुणास ठाऊक.

तुमची तशी नाही? तशी म्हणजे कशी? नाकासमोर चालणारी? माझाही नाकासमोरच चालत होता, मीच त्याच्या नाकासमोर जाऊन उभी राहिले. अकरा वर्षं ह्या खुर्चीत बसून किती फॉर्मांवर मी आईबापांचे नंबर घातले, त्याचा हिशोब नाही माझ्याकडे. माझ्या मुलाचं झाल्यावरसुद्धा घालत राहिले. आज सकाळीसुद्धा दोन घातले, समोरच्याला हसत हसत सांगितलं, आता निर्धास्त झोपा. असं का केलं म्हणाल, तर — सगळ्यांचीच मुलं सांगेनाशी झाली की माझा एकटीचा दोष राहत नाही ना. हे आत्ता बोलताना कळलं मला, आधी माहीत नव्हतं.

काय म्हणालात? तरीही तुमचाच घाला. बरं. तुमचा हक्क आहे, तुम्ही पैसे भरणार. सांगा नंबर. नऊ — आठ — हां — आणि पुढे... हे बघा, ही रेघ मारली मी. वरपासून खालपर्यंत, सह्यांवरून. खाडाखोड झालेला फॉर्म चालत नाही आमच्याकडे, बाद झाला हा. हो, मुद्दाम मारली, चुकून कशाला मारेन? साहेबांकडे जायचं तर जरूर जा, त्या काचेच्या केबिनमध्ये बसलेत, रिकामेच आहेत. माझे निवृत्तीला चार महिने राहिलेत, काय करतील माझं ते? पण त्यांनाही विचाराल तर ते हेच सांगतील, अठरा वर्षांच्या बाईचं खातं तिनं स्वतः समोर बसून उघडायचं, वडिलांनी बाहेर थांबायचं. हा नवा फॉर्म. कोराच आहे. नाही, तुमच्याकडे देत नाही, तिच्या हातात देते. तिनं तुमचाच नंबर लिहिला तर मी तोच घालीन, एक शब्द बोलणार नाही, पण तिनं लिहायला हवा. आता आणखी काही बोलू नका, मागे लोक खोळंबलेत. उठा. तिला पाठवा इकडे. तुम्ही नाही, तुम्ही तिथंच बसा — इथं एकच खुर्ची आहे, ती मोकळी करा तिला.